परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्यांची शैक्षणिक अर्थसाहाय्यासाठी पात्रता

आईवडिलांच्या नोकरी-व्यवसायामुळे काही वर्षे परदेशात राहून मायदेशी परतलेल्या भारतीय नागरिकाला शिष्यवृत्ती, शिक्षण शुल्कातील सवलत किंवा व्याज अनुदानाचे शैक्षणिक कर्ज मिळण्यासाठी ज्या अटी पूर्ण कराव्या लागतात, त्या कोणत्याही एका कायद्यात एकत्र सापडत नाहीत. नागरिकत्व केंद्राच्या कायद्याने ठरते, अधिवासाचे प्रमाणपत्र राज्याचे महसूल खाते देते, प्रवेशाचा प्रकार राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या नियमांवरून निश्चित होतो आणि कुटुंबाचे उत्पन्न तहसीलदार प्रमाणित करतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आखातात किंवा युरोपात गेलेली कुटुंबे नाशिकला परततात, तेव्हा मुलांचा पासपोर्ट सहसा आड येत नाही. घोडे अडते ते अधिवासावर आणि मागील वर्षाच्या उत्पन्नावर.

नागरिकत्व. 3 डिसेंबर 2004 रोजी किंवा त्यानंतर परदेशात जन्मलेल्या मुलाच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करणे नागरिकत्व कायद्यानुसार आवश्यक आहे. मुदत टळल्यास केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही नोंद राहून गेली असेल, तर आईवडील दोघेही भारतीय असूनही मुलाचे नागरिकत्व आपोआप सिद्ध होत नाही. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओळखपत्रावर, परतलेल्यांची स्थिती वेगळी आहे. 4 मार्च 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने नीट, जेईई यांसारख्या परीक्षांद्वारे होणाऱ्या प्रवेशांत त्यांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरते मर्यादित केले. ही मर्यादा त्या तारखेपूर्वीच्या कार्डधारकांना लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला.

अधिवास. राज्यघटनेच्या दृष्टीने भारतात अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात तो वस्तुतः कायम रहिवास होय, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात 1984 साली स्पष्ट केले. तरीही रहिवासाच्या आधारे शुल्कात भेद करण्यास न्यायालयाची जुनी मान्यता आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात तत्कालीन मध्य भारत राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जाई. त्याला दिलेले आव्हान 1955 मध्ये डी. पी. जोशी खटल्यात फेटाळले गेले, कारण घटनेने जन्मस्थानावरून भेद करण्यास मनाई केली आहे, रहिवासावरून नाही. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील रहिवासाधारित आरक्षण मात्र 29 जानेवारी 2025 च्या निकालाने घटनाबाह्य ठरले. शुल्क सवलतींवर त्या निकालाचा थेट परिणाम झालेला नाही.

महाराष्ट्रात वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यातील 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. नाशिकमध्ये हा अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून करता येतो. परतलेल्या कुटुंबाच्या फाइलमध्ये घरपट्टीच्या पावत्या बहुधा आजोबांच्या नावावर असतात, आणि इंदिरानगर किंवा गंगापूर रोडवरचा फ्लॅट मधल्या काळात भाड्याने दिलेला असल्याने वीजबिलावर नाव मालकाचे असले तरी राहणारे दुसरेच असतात. बिलावरून मालकी दिसते, वास्तव्य नव्हे. त्यामुळे वडिलांचा किंवा आईचा नाशिकमधील शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा रहिवासी दाखला आणि जुनी शिधापत्रिका यांना अधिक वजन येते. परदेशी जाण्यापूर्वीच आईवडिलांनी स्वतःचे अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवलेले असेल, तर मुलाचे काम बरेच सुकर होते.

अभियांत्रिकी प्रवेशात याचा उपयोग स्पष्ट दिसतो. दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सर्वसाधारणपणे ‘अ’ प्रकारात मोडतो. शाळा राज्याबाहेर झाली असली, तरी विद्यार्थी स्वतः किंवा त्याची आई वा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असल्यास तो ‘ब’ प्रकारात येतो आणि महाराष्ट्राचा उमेदवारच गणला जातो. वैद्यकीय पदवी प्रवेशाच्या राज्य कोट्यात मात्र अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थांतून उत्तीर्ण असण्याची अट असून, सवलत प्रामुख्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांपुरती आहे. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय असलेल्या शहरातला मुलगा दुबईत दहावी झाला म्हणून राज्य कोट्याबाहेर राहतो, हे विसंगत वाटते, पण नियम तसा आहे.

तुलनेसाठी इंग्लंडमधील पद्धत उद्बोधक आहे. तेथे शैक्षणिक अर्थसाहाय्यासाठी अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीची 3 वर्षे देशात ‘सामान्य निवास’ असावा लागतो. त्या संज्ञेचा अर्थ लंडनमधील बार्नेट येथील स्थानिक प्रशासनाविरुद्धच्या शाह खटल्यात 1982 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेथील तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निश्चित केला. नोकरीनिमित्तची अनुपस्थिती तात्पुरती होती हे पटवून दिल्यास हा निवास अखंड मानला जातो. आपल्याकडे अशा तात्पुरत्या अनुपस्थितीचा विचार इतक्या नेमकेपणाने झालेला नाही, आणि परतलेल्या कुटुंबांची बरीचशी दगदग त्यातूनच उद्भवते.

शालेय पात्रता. आखातातील सीबीएसई शाळांचे प्रमाणपत्र भारतीय मंडळाचेच असल्याने त्यासाठी समकक्षता लागत नाही. परदेशी मंडळाच्या परीक्षेसाठी भारतीय विश्वविद्यालय संघाचे समकक्षता प्रमाणपत्र घ्यावे लागते.

योजना व उत्पन्न. खुल्या प्रवर्गासाठीची मुख्य योजना म्हणजे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती होय. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असणे, महाराष्ट्राचा अधिवास, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश आणि कुटुंबातील पहिल्या दोनच अपत्यांना लाभ या तिच्या ठळक अटी असून, शिक्षण व परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम तीतून मिळते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण शुल्कमाफी देण्यात आली.

उत्पन्न मोजले जाते ते मागील आर्थिक वर्षाचे. समजा, वडील डिसेंबरअखेर दुबईची नोकरी सोडून कायमचे परतले आणि मुलीचा प्रवेश पुढच्या ऑगस्टमध्ये झाला. दरमहा 4,000 दिरहम या बेताच्याच पगाराचे एप्रिलपासूनचे 9 महिन्यांचे उत्पन्न, दिरहमचा भाव 23 रुपये धरल्यास, 8,28,000 रुपये होते. घरात आज एक रुपयाही येत नसताना मुलगी मर्यादेबाहेर जाते. पुढील वर्षी नवा दाखला मिळाल्यावरच स्थिती बदलते. अनिवासी ठरलेल्या व्यक्तीच्या परदेशातील पगारावर भारतात प्राप्तिकर नसतो, परंतु करमुक्त रक्कम म्हणजे शून्य उत्पन्न नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्राचा आधार घेऊन ती वगळल्यास पुढे वसुलीची वेळ येऊ शकते.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना आधारसाठी 182 दिवसांच्या वास्तव्याची अट आता नाही. त्यामुळे परतल्यावर लगेच नोंदणी करता येते.

कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत विद्यार्थी भारतीय नागरिक असणे ही मूळ अट आहे, राज्याचा अधिवास नाही. म्हणून अधिवासाचे कागद अपुरे असलेल्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग खुला राहतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 4 लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही. खरी अडचण सहकर्जदाराची असते, कारण नुकत्याच परतलेल्या पालकाकडे भारतातील पगाराची पावती नसते. अशा वेळी नोकरीत असलेले काका, मामा किंवा मोठा भाऊ सही करतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना 7.5 लाखांपर्यंतच्या कर्जावर 75 टक्के पतहमी (कर्ज थकल्यास बँकेला सरकारची हमी) मिळते, आणि 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर स्थगन काळात, म्हणजे परतफेड सुरू होण्यापूर्वीच्या काळात, 3 टक्के व्याजसवलत मिळते. इतर सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना मात्र ही सवलत मिळत नाही.