नळी की पिशवी? लहान मुलाच्या श्वासामागचा इतिहास

मोठ्या माणसाचं हृदय बंद पडतं तेव्हा दोष बहुधा हृदयातच असतो. मुलांच्या बाबतीत क्रम उलटा. बुडणं, न्यूमोनिया, घशात अडकलेला शेंगदाणा, कारण काहीही असो, बहुधा आधी श्वास जातो आणि हृदय त्याच्यामागून थांबतं. त्यामुळे घटनास्थळी पोचलेल्या पॅरामेडिकने, म्हणजे रुग्णवाहिकेतल्या प्रशिक्षित आरोग्यसेवकाने, श्वास कशाने द्यायचा, हा प्रश्न मुलाच्या जिवाचाच असतो.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रबरी पिशव्या दाबत बसले. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे! त्या पिशव्यांना सिलिंडरमधला वायू लागे. त्याच डेन्मार्कमध्ये 1956 साली हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी दाबून सोडली की आपोआप फुगणारी पिशवी आणली. आपल्याकडच्या वॉर्डांत आजही जिला सगळे अँब्यू म्हणतात, ती हीच.

पुढे अमेरिकेत पॅरामेडिकही श्वासनलिकेत नळी टाकू लागले आणि नळी म्हणजेच खरा इलाज, हा समज रुजला. पण बाळाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, स्वरयंत्र वर, श्वासनलिका आखूड. मान जराशी हलली तरी नळी निसटू शकते. शिवाय एकेका पॅरामेडिकला मुलांना नळी टाकायची वेळ फार क्वचित येते. मग हात बसणार कसा?

या समजाची परीक्षा 1994 ते 1997 दरम्यान लॉस एंजेलिस आणि ऑरेंज काउंटीत झाली. मारियान गॉशे यांच्या चमूने 830 मुलं अभ्यासात घेतली; नळी टाकायची की नुसता पिशवी-मास्क, म्हणजे तोंडानाकावर मास्क धरून पिशवी दाबायची, हे सम-विषम तारखेनुसार ठरे. 2000 साली निकाल छापून आला. फक्त पिशवी-मास्क वापरलेल्या गटात 30 टक्के मुलं जगली, नळीच्या गटात 26 टक्के. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस नव्हता, पण नळीचा फायदा दिसला नाही, हे स्पष्ट होतं. काही नळ्या तर निसटल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या मते या विषयातला सर्वांत धाडसी अभ्यास हाच, कारण त्याने अनुभवी लोकांच्या अभिमानालाच हात घातला.

स्वरयंत्रावर बसणारा मास्क ब्रिटनच्या आर्ची ब्रेन यांनी 1981 पासून विकसित केला. तो आला तरी पिशवी मागे पडली नाही. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या मुलांसाठी पिशवी-मास्क वापरणं योग्यच, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2019 मध्ये सांगितलं. अर्थात पिशवी सोपी वाटली तरी सोपी नाही. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवायचा, बोटं जबड्याच्या हाडावर ठेवायची, हनुवटीखालच्या मऊ भागावर नाही, आणि छाती जेमतेम उचलेल इतकंच दाबायचं.