न्यूटॉक तिथे वसवलं कुणी?

अलास्काच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, निंगलिक नदीच्या काठी न्यूटॉक हे युपिक आदिवासींचं गाव होतं. वस्ती जेमतेम साडेतीनशेची. २०२४ संपेपर्यंत ते जवळपास रिकामं झालं. हवामानबदलाने गाव उठवलं, असं सगळीकडे छापून आलं. खरंच आहे, पण गोष्ट मध्येच सुरू केलेली.

तिथल्या जमिनीत मातीइतकंच बर्फ. वर्षानुवर्षं गोठलेल्या या थराला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. गाळाचे कण धरून ठेवतं ते हे बर्फच. ते वितळलं की जमीन खचते, घरं कलतात, रस्ते म्हणून टाकलेल्या फळ्या चिखलात जातात. त्यात नदीचं त्यामानाने उबदार पाणी काठ खालून पोखरतं. वरचा गवताळ थर छज्ज्यासारखा अधांतरी राहतो आणि मग अख्खा तुकडाच कोसळतो. वर्षाला सरासरी वीसेक मीटर काठ असा गेला. पूर्वी बेरिंग समुद्र लवकर गोठायचा, लाटांचा जोर मोडायचा. आता बर्फ उशिरा धरतं, तोवर वादळांना रान मोकळं.

युपिक लोकांचा प्रश्न याच्या मागचा आहे: या दलदलीत आम्ही कायमचे आलोच कसे? त्यांचे पूर्वज मासे, सील, पक्षी यांच्यामागे ऋतूनुसार मुक्काम हलवत. काठ ढासळला तर तळ उचलायचा, विषय संपला. १९४९च्या सुमारास सरकारी शाळेपायी ते एका जागी बसले. ती जागा ठरली कशावरून? बांधकामाचं सामान आणणारं बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, नदीत त्याहून वर जाऊ शकत नव्हतं! अमेरिकेतल्या पोटावाटोमी या आदिवासी समाजातले तत्त्वज्ञ काइल व्हाइट हवामानसंकटाला वसाहतवादाचीच पुढची पायरी मानतात, ते इथे अक्षरशः पटतं.

स्थलांतराचं गावानेच ठरवलं. चौदा-पंधरा किलोमीटरवरची मेर्तारविकची खडकाळ जागाही त्यांनीच निवडली. ती वन्यजीव अभयारण्यात असल्याने जमिनीच्या अदलाबदलीला २००३मध्ये अमेरिकी संसदेची मंजुरी लागली. तरी पहिली कुटुंबं राहायला गेली २०१९मध्ये. तिथला आपत्ती कायदा एका रात्रीत येणाऱ्या पुरासाठी, वादळासाठी बेतलेला. वर्षानुवर्षं काठ खाणारी नदी त्यात बसत नाही. आपत्ती जाहीर करा ही न्यूटॉकची मागणी २०१७मध्ये फेटाळली गेली. अख्खं गाव हलवणं ही तिथे एकाही केंद्रीय खात्याची जबाबदारी नव्हती, त्यामुळे विमानपट्टीचा पैसा एकीकडून, घरांचा दुसरीकडून, असं गावकऱ्यांनाच जमवत बसावं लागलं.