बुट्टी, डबा आणि पार्सल : घरच्या फराळाच्या भेटीची पार्श्वभूमी

दसरा उलटला की सांगलीत विश्रामबागेकडे काय किंवा साताऱ्यात पोवई नाक्यावर काय, कुरिअरवाल्यांच्या दारात ‘परदेशात फराळ पाठवा’ अशी पाटी झळकू लागते. शेजारी बचत गटाचा स्टॉल असतो आणि बॉक्सवर हमखास ‘पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा’ असं छापलेलं असतं. त्यातलं निम्मं खरं आहे. पदार्थ जुने आहेत, खाऊ देण्याची रीतही जुनी आहे. पण लाडू, करंजी, चकली, चिवडा, शंकरपाळी हा ठरलेला संच, आणि तो डब्यात भरून दूरवर पाठवणं, हे आपल्या भागातल्या बहुतेक घरांत गेल्या शंभरेक वर्षांत रुजलं. माणसं गाव सोडून गेली, त्यांच्यामागून डबा गेला.

पदार्थांचं वय आधी उरकून घेऊ. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यात मांडे आहेत, पुरण भरलेल्या पोळ्या आहेत, तळलेले वडे आहेत. कृष्णाकाठचा मुलूख तेव्हा त्याच साम्राज्याच्या छत्राखाली होता. मिरची आणि भुईमूग मात्र अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आल्यावर ते आपल्याकडे पोचले आणि पुढे इथल्या रानात इतके मुरले की परके वाटेनासे झाले. शेंगदाणे आणि मिरची घातलेला चिवडा चालुक्यांच्या ताटात असणं शक्यच नव्हतं.

घरून खाऊ पाठवायची इथली मूळ रीत म्हणजे लेकीची बुट्टी, खाऊने भरलेली टोपली. पोरगी सासरी निघाली की आई बुट्टी भरायची. कळ्यांचे लाडू, करंज्या, गुळाच्या पुऱ्या, वरून स्वच्छ फडकं बांधलेलं. बैलगाडीतून बुट्टी उतरली की भावकीतल्या बायका जमायच्या आणि घरटी लाडू-करंजी वाटली जायची. लाडवाचा आकार, तुपाचा वास, करंजीतलं सारण, सगळं जिभेवर तपासलं जायचं. माहेरची पत त्यावर ठरायची. उसनवारी करून बुट्टी भरणारी घरं थोडी नव्हती. या रीतीत माया होती तसा धाकही होता, आणि आज तिच्या आठवणी सांगताना धाकाचा भाग सोयीने गाळला जातो.

बुट्टीचं वर्षाचं वेळापत्रक असायचं. आषाढात ‘आखाड तळायचा’ म्हणून गव्हाच्या पिठात गुळाचं पाणी घालून कापण्या व्हायच्या. देवीला नैवेद्य दाखवून उरलेल्या कापण्या लेकीबाळींच्या घरी जायच्या. बाळंतपणात डिंकाचे, अळिवाचे लाडू. संक्रांतीला तिळगूळ. लग्नात रुखवत. दिवाळीला भाऊबीज, मग भाऊ बहिणीकडे निघाला की त्याच्या हाती गाठोडं आलंच. यातलं काहीही एका बाजूने चालत नसे. बुट्टी रिकामी परत करायची नाही, किमान मूठभर ज्वारी किंवा साखरेची चिमूट तरी तळाला टाकायची. शेजारणीचं ताट परत देताना आजही हेच होतं, फक्त ज्वारीच्या जागी पार्ले बिस्किटाचा पुडा आला.

देवघेव म्हणजे बरोबरीच्यांची. गावगाड्यात ही बरोबरी सर्वांच्या वाट्याला नव्हती. शिजवलेलं अन्न कुणाच्या हातचं घ्यायचं याचे नियम कडक होते. तळलेल्या, कोरड्या पदार्थाला त्यातल्या त्यात सवलत, नाहीतर सरळ कच्चा शिधा द्यायचा. बलुतेदारांना सणाचं अन्न मिळायचं ते हक्क म्हणून, आणि महारवाड्यात ते अनेकदा उष्टं किंवा शिळं म्हणून पोचायचं. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी असे तुकडे मागणं सोडा म्हणून सांगितलं. ज्या माणसाने ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत पहिलं पाऊल टाकलं, त्याला भेट आणि भीक यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती. आज सोसायटीत सगळ्या मजल्यांवर ताटं फिरतात ही गोष्ट जुन्या परंपरेची देणगी नाही. ती परंपरा बरीचशी मोडली म्हणून ताटं फिरू लागली.

आता डब्याकडे येऊ. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या त्या १८५० च्या दशकात. पाटण, जावळी, कोरेगाव, खटाव, शिराळा भागातून माणसं तिकडे जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे–मिरज रेल्वे झाली आणि रहिमतपूर, कऱ्हाड, ताकारी अशा ठिकाणांहून मुंबईची वाट सोपी झाली. पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली होती. मुंबईहून गावाकडे पैसे, गावाहून मुंबईकडे गाठोडी, अशी दुहेरी वाहतूक कित्येक पिढ्या चालली. दिवाळीला गावी येणं ज्याला जमलं नाही त्याचा वाटा गावच्या माणसाबरोबर खोलीवर जायचा. खोलीत दहा-पंधरा गाववाले. तिथे डबा एकट्याचा राहत नसे.

फौजेचं वेगळं. अपशिंग्याला आजही लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. साताऱ्याच्या अशा गावांतून जाणाऱ्या पार्सलवर ठिकाणाचं नाव नसायचं. नंबर, नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक. डबा मांजरपाटात शिवायचा, शिवणीवर लाखेचे ठिपके. तिसरी वाट विट्याच्या, खानापूर-आटपाडीच्या गलाई कारागिरांची. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात ही माणसं केरळपासून बंगालपर्यंत पसरली. दुष्काळी माणदेशातून निघालेला फराळ त्यांच्याबरोबर तिथवर पोचला आणि मल्याळी शेजाऱ्यानेही चकली चाखली.

या लांबच्या प्रवासाने पदार्थांची चाळणी केली. ओल्या नारळाची करंजी चार दिवसांत आंबते, सुक्या खोबऱ्याची महिना काढते. नारळ घातलेला रव्याचा लाडू घरी खायला ठेवायचा, बेसनाचा पाठवायचा. याचं कारण पाणी. पदार्थ तळताना त्यातलं पाणी उडून जातं, आणि पाकातली साखर उरलेलं पाणी धरून ठेवते, त्यामुळे बुरशीला ते मिळत नाही. तेलाचा शत्रू हवा आणि उजेड. म्हणून डबा काठोकाठ भरायचा आणि घट्ट लावायचा. चकलीची पंचाईत दुहेरी, ती सादळते आणि मोडते. सांगलीच्या बायकांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. चकल्यांच्या मधल्या पोकळ्यांत भडंग, म्हणजे मसाल्याचे चुरमुरे, भरायचं. चकली हलत नाही, जागा वाया जात नाही आणि पलीकडच्याला जादा पदार्थ मिळतो.

डबाही ठरून गेला होता. १९३७ साली बाजारात डालडा आला, ताडाच्या झाडाचा पिवळा पत्र्याचा डबा. वनस्पती तूप तेलाइतक्या लवकर खवट होत नाही, ही त्याची जमेची बाजू. फराळ डालड्यात तळलाय हे पाहुण्यांना सांगायचं नाही, आणि तोच फराळ डालड्याच्याच डब्यातून पाठवायचा, असा प्रकार घरोघरी चालला. स्टीलचे डबे आल्यावर पंचाईत झाली, कारण स्टीलचा डबा परत हवा असायचा. झाकणावर नाव कोरून घ्यायची पद्धत कशामुळे आली हे वेगळं सांगायला नको.

एवढा फराळ करायला साखर लागते, आणि उसाच्या या मुलखात साखरेचा इतिहास गंमतीचा आहे. गूळ घरचा होता, गुऱ्हाळं गावोगाव होती, सांगलीची गुळाची पेठ मोठी होती. साखर मात्र पाहुण्यासाठी. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास पहिला सहकारी कारखाना झाला आणि त्यामागून सांगली, साखराळे, रेठरे बुद्रुक इथली धुरांडी उभी राहिली. तरीही शेतकऱ्याच्या घरी साखर यायची ती रेशनकार्डावर. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं नियंत्रण अधूनमधून उठलं आणि परत आलं. १९६७ नंतर लेव्हीची, म्हणजे सरकारने कारखान्यांकडून ठरल्या भावाने घेतलेली साखर रेशनवर आणि बाकीची खुल्या बाजारात, अशी विभागणी झाली. दिवाळीला जादा कोटा जाहीर झाला की दुकानापुढे रांग. गव्हाचंही तसंच. जत, माण, आटपाडी भागात रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची, रवा-मैदा सणापुरता. १९७२ च्या दुष्काळात ज्या घरांनी सुकडीवर दिवस काढले, त्यांच्याकडे ‘पाच पदार्थांचा फराळ’ ही फार पुढची गोष्ट होती. सरकारने २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, साखर, हरभराडाळ आणि पामतेल. फराळ हा सणाचा किमान हक्क आहे असं त्या पिशवीने मानलं. बुट्टीच्या काळात ते कुणी मानलं नसतं.

संच ठरण्यात छापील कागदाचाही हात आहे, आणि तो कागद इथलाच. कुंडलजवळ १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९३० पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागलं. पुढे १९७० साली सांगलीच्या कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आलं. त्यात मापं वाटी-चमच्याची होती. तोवर फराळ आई-सासूच्या अंदाजाने होत असे आणि घरागणिक बदलत असे. आता सासूपासून दूर, नोकरीच्या गावी संसार मांडलेल्या मुलीला चार वाट्या भाजणीचं गणित कळलं. फायदा मोठा होता. तोटा इतकाच की घरोघरच्या चकल्या एकमेकींसारख्या होऊ लागल्या. हा तोटा मला थोडा लागतो.

संक्रांतीचं पोस्ट वेगळ्या चालीचं. तिथे डबा नाही, पाकीट. छापील शुभेच्छापत्राच्या घडीत चार दाणे काटेरी हलवा किंवा चिमूटभर तिळगूळ. ज्यांनी हलवा घरी केला आहे त्यांना मंद शेगडीवर थेंब थेंब पाक घालत बोटांनी तीळ फिरवणं किती वेळखाऊ असतं ते ठाऊक आहे. कार्डं गेली, व्हॉट्सअ‍ॅपवर तिळगुळाचं चित्र येतं. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

घरचा फराळ विकत मिळू लागला ही शेवटची वळणवाट. बायका नोकरीला लागल्या आणि दिवाळीच्या आठवड्यात तळणीपुढे बसायला घरात कुणी उरलं नाही. उलट बाजूला बचत गट उभे राहिले. म्हसवडला १९९७ साली सुरू झालेल्या माणदेशी महिला बँकेसारख्या संस्थांनी अशा छोट्या धंद्यांना कर्ज दिलं. ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा आणि मानके कायदा लागू झाला आणि घरातून चकली विकणारीलाही नोंदणी क्रमांक घ्यावा लागला. बॉक्सवर तारीख, घटक, वजन आलं. ‘हे आपल्या घरचं’ म्हणून जे दिलं जातं ते आता बऱ्याचदा दुसऱ्याच्या घरचं असतं. मला त्यात गैर दिसत नाही. हात कुणाचे तरी आहेतच, आणि या वेळी त्या हातांना मजुरी मिळते.

परदेशी पार्सलला मात्र दुसऱ्याच देशाचे नियम आडवे येतात. दुधाच्या पदार्थांना अनेक ठिकाणी मज्जाव असल्याने साताऱ्याचा कंदी पेढा सहसा मागे राहतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांवरची करमाफी काढून घेतली आणि आपल्या पोस्टाने तिकडची पार्सलं थांबवली. सेवा परत सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला आठवडाही उरला नव्हता. ज्यांनी त्या दिवसांत डबे पाठवले, त्यांचा फराळ पोचेपर्यंत तुळशीचं लग्न जवळ आलं असणार. आपल्याकडे फराळाची देवघेव तशीही तुळशीच्या लग्नापर्यंत चालते, त्यामुळे उशीर झाला म्हणून कुणी डबा परत पाठवला नसावा.