फ्लॉइड रोझपासून टेलीपर्यंत : वयासोबत बदलणाऱ्या आवडीची पार्श्वभूमी

सोळाव्या वर्षी हवी असते टोकदार शिंगांची, चोवीस फ्रेटची (सूर पाडणाऱ्या आडव्या पट्ट्यांची), फ्लॉइड रोझ (तारा ढिल्या-ताठ करून सूर वाकवणारी दांडी) बसवलेली गिटार. तिशीत फेंडरची स्ट्रॅटोकास्टर म्हणजे स्ट्रॅट, किंवा गिब्सनची लेस पॉल येते. पन्नाशीच्या आसपास दोन पिकअप (तारेचा कंप विजेत बदलणारं चुंबक आणि वेटोळं) आणि दोन नॉबची फेंडर टेलिकास्टर म्हणजे टेली, नाहीतर अर्धपोकळ अंगाची गिब्सन ईएस-३३५. अपवाद भरपूर आहेत, पण इतक्या जणांची वाट अशीच जाते की एक गोष्ट नजरेत भरते : इलेक्ट्रिक गिटार ज्या क्रमाने घडली, वादक त्याच्या उलट्या क्रमाने चालतो. याला ‘प्रगल्भता’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. खरी कारणं तारेत, चुंबकात आणि पाठीच्या मणक्यात जास्त सापडतात.

सुरुवातीचा प्रश्न फक्त आवाज पुरण्याचा होता. बिग बँडच्या (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या) ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे साधी गिटार ऐकूच येत नसे. १९३६ मध्ये गिब्सनने पोकळ बॉडीवर पिकअप बसवून ईएस-१५० आणली आणि चार्ली ख्रिश्चनने तिच्यावर जॅझमधले सोलो वाजवून दाखवले. मात्र अँप (अँप्लिफायर) मोठा केला की पोकळ खोकं स्वतःच थरथरून फीडबॅक, म्हणजे कर्कश गुंजन, देई. त्यावर भरीव लाकूड हा उपाय. लिओ फेंडरने १९५० मध्ये ब्रॉडकास्टर काढली. त्या नावाचे ड्रम ग्रेच कंपनी विकत असल्यामुळे १९५१ मध्ये तिची टेलिकास्टर झाली. १९५२ मध्ये लेस पॉल, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या सगळ्या तेव्हा सिंगल कॉइलच्या (एकाच वेटोळ्याच्या पिकअपच्या), म्हणजे विजेच्या मेन्सची घरघर पकडणाऱ्या. गिब्सनच्या सेथ लव्हरने उलटे वेढे आणि उलटी चुंबकं असलेली दोन वेटोळी शेजारी ठेवून ती घरघर एकमेकांत मारली. तोच हम्बकर, १९५७ पासून गिटारींवर दिसू लागला. १९५८ मध्ये ईएस-३३५ आली : कडेला पोकळ, मध्ये लाकडाचा भरीव ठोकळा.

यातली एकही गिटार पोरांसाठी बनवलेली नव्हती. टेली कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणाऱ्या कमावत्या वादकांसाठी होती. १९५८ ते ६० च्या ज्या सनबर्स्ट लेस पॉलसाठी आज लोक घर विकायला तयार होतात, ती तेव्हा इतकी कमी खपली की १९६१ मध्ये गिब्सनने आकारच बदलून पातळ, दोन शिंगांचा केला. पुढे हाच आकार एसजी म्हणून ओळखला गेला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या बँडबरोबर जुनी लेस पॉल अँप फाटेस्तोवर वाजवली, मागणी उसळली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा बनू लागली. वडीलधाऱ्यांचं वाद्य तरुणांच्या हाती गेलं ते असं.

खास तरुणांची म्हणावी अशी गिटार त्यानंतर दहा वर्षांनी आली. एडी व्हॅन हेलनच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममागे सुट्या भागांची जोडणी होती : स्ट्रॅटच्या आकाराची बॉडी आणि ३३५ मधून उपटलेला हम्बकर. १९७९ मध्ये फ्लॉइड रोझ नावाच्या वादकाला तार दोन्ही टोकांना कुलूपबंद करणाऱ्या ट्रेमोलोचं पेटंट मिळालं. १९८७ मध्ये आयबानेझ कंपनीने आरजी हे मॉडेल आणलं तोवर ‘सुपरस्ट्रॅट’चा साचा पक्का झाला होता : जवळजवळ सपाट फ्रेटबोर्ड (बोटं फिरतात ती पट्टी), सडपातळ नेक (गिटारची मान), ९-४२ च्या तारा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), १४-१६ किलोओहमचा ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाजवळचा).

या साच्याची गंमत नीट पाहण्यासारखी आहे. असा गरम, म्हणजे जास्त सिग्नल देणारा, पिकअप जास्त गेनच्या (सिग्नल फुगवून फाटका करणाऱ्या) अँपमध्ये घातला की हळू मारलेला आणि जोरात मारलेला फटका जवळजवळ एकाच पातळीवर बाहेर येतो. उजवा हात अजून कच्चा असला तरी सोलो सलग वाटतो, आणि तो तसा वाटावा अशीच ती योजना आहे. सात-साडेसात किलोओहमच्या टेलीवर, कमी गेनमध्ये, प्रत्येक फटक्याचं वजन उघडं पडतं. विशीत ते लाजिरवाणं असतं. हात तयार झाल्यावर नेमकं तेच हवंसं वाटतं, कारण आता लपवण्यासारखं कमी आणि दाखवण्यासारखं जास्त असतं. जेफ बेक लेस पॉलवरून स्ट्रॅटवर आला आणि पुढे पिक टाकून बोटांनी, व्हॉल्यूमचा नॉब करंगळीने फिरवत वाजवू लागला. ऐंशीच्या दशकात हार्ड रॉक गाजवणारा गॅरी मूर १९९० मध्ये लेस पॉल घेऊन ब्लूजकडे वळला. उलट जिमी पेजने लेड झेपलिनचा पहिला अल्बम टेलीवर वाजवला आणि मग जन्मभर लेस पॉल मिरवली. नियम म्हणून हे सांगता येत नाही ते यामुळेच.

शरीराचाही वाटा आहे, फक्त तो कोणी कबूल करत नाही. सत्तरीच्या दशकातली लेस पॉल साडेचार-पाच किलोची असू शकते. साधी स्ट्रॅट साडेतीन. तीन तासांच्या कार्यक्रमात हा फरक खांद्याला कळतो. तारांचंही तसंच : ६४८ मिमी स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) ९-४२ च्या संचाचा एकूण ताण ३८ किलोच्या आसपास, १०-४६ चा ४७. ‘जाड तार म्हणजे जाड टोन’ ही तरुणपणीची अंधश्रद्धा सांधे कुरकुरू लागले की गळून पडते. झीझी टॉपचा बिली गिबन्स तर ७ ची पहिली (सर्वांत बारीक) तार लावतो आणि त्याच्या टोनला कोणी पातळ म्हणत नाही. गिब्सनचं ६२८ मिमीचं स्केलही बोटांना सोपं जातं, म्हणून काही जण उतारवयात टेली सोडून ३३५ कडे येतात.

हा पालट करताना चुका ठरलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या फेंडरचा फ्रेटबोर्ड १८४ मिमी त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल. सुपरस्ट्रॅटच्या सवयीने ॲक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) खाली आणली तर बाराव्या फ्रेटपुढे पहिली तार बेंड करताना (आडवी खेचताना) ती मधल्या उंचवट्याला टेकते आणि सूर मरतो. बाराव्या फ्रेटवर २ मिमीच्या आसपास ठेवावी, नाहीतर २४१ मिमी त्रिज्येची नेक घ्यावी. दुसरी खोड पिकअप तारांना चिकटवून ठेवण्याची. स्ट्रॅटचं चुंबक जाड तारांना ओढतं आणि वरच्या फ्रेटवर एकाच तारेतून दोन सूर घोंघावतात. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिमी अंतर ठेवलं की बहुधा भागतं.

व्हॉल्यूम कमी केला की हम्बकर चिखलासारखा वाजतो, ही तक्रार नॉब वापरायला शिकल्यावरच सुचते. पॉटच्या (नॉबखालच्या, फिरवून बदलणाऱ्या रेझिस्टरच्या) इनपुट आणि मधल्या टोकामध्ये १५० किलोओहमचा रेझिस्टर व ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडावा. किंवा टोनच्या नॉबची जोडणी इनपुटवरून काढून मधल्या टोकावर न्यावी. पन्नाशीच्या दशकातल्या लेस पॉलमध्ये ती तशीच असे. टेलीत हे काम दहा मिनिटांचं. ३३५ ला मागे झाकणच नसतं : प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधून सगळी वायरिंग एफ-होलमधून (दर्शनी भागावरच्या f आकाराच्या भोकातून) बाहेर काढायची आणि त्याच दोऱ्यांनी ओढून जागेवर आणायची. दोरा निसटला तर उरलेली दुपार त्यातच जाते.

आपल्याकडे हा क्रम थोडा विस्कटलेला आहे. १९९१ पूर्वी आयातीचे निर्बंध आणि जकात यांमुळे परदेशी गिटार मुंबई-पुण्यात बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. कोलकात्यात बनलेल्या गिटारवर हात बसायचा आणि फ्लॉइड रोझ कॅसेटच्या कव्हरवर दिसायचा. त्या पिढीतला कोणी आज पंचावन्नाव्या वर्षी जांभळी आरजी घेत असेल, तर त्याचा सोळाव्या वर्षाचा हप्ता थकलेला होता एवढंच.

राहिला कान. वयाबरोबर वरच्या कंपनसंख्या आधी जातात, आणि ड्रमच्या झांजेशेजारी वर्षं काढली असतील तर ४ किलोहर्ट्झच्या आसपासचाही भाग झिजतो. मग कानाला कमी पडणारा टेलीचा ट्रेबल वादक हळूहळू चढवत राहतो. त्यात १२ इंची स्पीकर ट्रेबल समोर झोतासारखा फेकतो आणि वादक त्या झोताच्या वर उभा असतो. अँप मागे कलवून स्पीकर स्वतःच्या कानाकडे वळवावा आणि ट्रेबल तिथे ठरवावा. पहिल्या रांगेतल्या लोकांना तो जसा लागतो, तसा तो तेव्हाच कळतो.