गाडीवाल्याला सायकल दिसत का नाही?

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पाळी सुटली की कामगारांच्या सायकली रस्त्याला लागतात. त्यांच्या अगदी जवळून टेम्पो, एसटी, कार जात असतात आणि गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्याही. अपघात झाला की ड्रायव्हरचं उत्तर ठरलेलं असतं, "दिसलाच नाही हो." ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण पुष्कळदा त्यानं त्या दिशेला खरोखर पाहिलेलं असतं आणि तरीही सायकल त्याच्या नजरेत आलेली नसते. हे कसं घडतं ते सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण रस्त्यावर कुठं राहायचं हे त्यावरच ठरतं.

समोरचं सगळं आपल्याला एकसारखं स्पष्ट दिसतंय असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डोळ्याचा बारकावे टिपणारा भाग जेमतेम २ अंशांचा आहे, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याची जेवढी रुंदी दिसते तेवढाच. बाकीचं धूसर असतं. म्हणून नजर सेकंदाला दोन-तीन वेळा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते. उडी चालू असताना मेंदू चित्र जवळजवळ बंद ठेवतो, नाहीतर सगळं जग सतत हलताना दिसलं असतं. मधली रिकामी जागा तो अंदाजानं भरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आसरा चौकात झटकन डावी-उजवीकडे मान फिरवणाऱ्या कारवाल्याची नजर दोन-तीन ठिकाणीच टेकते. बस त्यात कुठं ना कुठं सापडतेच. सायकल मात्र दोन उड्यांच्या मध्ये निसटू शकते.

त्यात पुन्हा समोरच्या काचेच्या कडेचा खांब. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्यांना जवळ पडतो आणि जास्त झाकतो. एक गोष्ट तर फारच दगा देणारी आहे. दोन वाहनं आपापल्या स्थिर वेगानं एकाच बिंदूकडे सरळ निघाली असतील, तर टक्कर होईपर्यंत दुसरं वाहन काचेत एकाच जागी दिसत राहतं. नजरेची कड हालचाल चटकन टिपते, पण इथं सायकल सरकतच नाही, नुसती मोठी होत जाते. ती खांबाआड असेल तर शेवटपर्यंत खांबाआडच राहते. म्हणून चौकाजवळ येताना एकाच गतीनं पायडल मारत राहू नका. थोडं हळू व्हा, पायडल थांबवा. ड्रायव्हरचा चेहरा दिसेपर्यंत त्यानं आपल्याला पाहिलंय असं धरू नका.

पुणे–हैदराबाद महामार्ग आपल्याकडून साधारण पश्चिम-पूर्व जातो. सकाळी हैदराबादच्या बाजूला आणि संध्याकाळी पुण्याच्या बाजूला जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तुमचे डोळे दिपत असतील, तर मागून येणाऱ्याचेही दिपत आहेत असं समजा आणि तेवढा वेळ कडेला थांबा. सूर्य मावळला की आपल्या अक्षांशावर वीस-बावीस मिनिटांत उजेड संपत येतो. त्या वेळी डोळ्याला लाल रंग काळपट दिसू लागतो, मग लाल शर्टाचा काय उपयोग? दिवसा झळकणारं पोपटी जॅकेटही अंधारात विझतं, कारण त्याची चमक सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चालते.

रात्री कामाला येतो तो रिफ्लेक्टर. त्यात एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन छोट्या पृष्ठभागांचे कोपरे असतात. त्यांवर पडलेला प्रकाश तीनदा वळून आल्या वाटेनं परत जातो, म्हणजे हेडलाइटकडे, आणि ड्रायव्हरचे डोळे तिथून जवळच असतात. पण आडव्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा झोत तुमच्यावर पडतच नाही. तिथं रिफ्लेक्टर निरुपयोगी आहे, स्वतःचा दिवाच लागतो.

रिफ्लेक्टर कुठं लावायचा, याचं उत्तर स्वीडनमध्ये सापडतं. १९७३ साली गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या फक्त सांध्यांवर लहान दिवे लावून अंधारात त्याचं चित्रण केलं. माणूस स्थिर असताना पाहणाऱ्यांना नुसते ठिपके दिसत. तो चालू लागला की क्षणात ओळख पटे, हा माणूस आहे! आपला मेंदू माणसाच्या चालीला इतका सरावलेला आहे. पुढं सायकलस्वारांवरही चाचण्या झाल्या. घोट्यांना आणि गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या असतील, तर निव्वळ जॅकेटपेक्षा माणूस लांबून ओळखू येतो, कारण वरखाली होणारे पाय फक्त सायकलवाल्याचेच असतात. दोन स्वस्त पट्ट्या घोट्यांना बांधा. हेल्मेट घालाच, पण ते टक्कर झाल्यावर उपयोगी पडतं. पट्ट्या टक्करच टाळू शकतात.

दिसल्यानंतरही गाडी थांबायला जागा लागते. ड्रायव्हरला भान येऊन ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरची कार सुमारे ३५ मीटर जाऊन थांबते, ३० ची साडेसतरा मीटरमध्ये. नवी पेठेसारख्या गर्दीत वेग कमीच असतो. तिथली खरी भीती उभ्या कारच्या अचानक उघडणाऱ्या दाराची. कारपासून एक मीटर तरी सुटून चाला.

आता ट्रॉली. वळताना कुठल्याही लांब वाहनाचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मार्गानं जात नाही, आतून कापत जातं. पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर अंतर असलेला ट्रक १२ मीटर त्रिज्येचं वळण घेतो, तेव्हा मागचं चाक दीड मीटरहून जास्त आत येतं. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असल्या की पहिली ट्रॅक्टरपेक्षा आतून जाते आणि दुसरी तिच्याहूनही आतून. डावीकडे वळताना ट्रॅक्टर आधी उजवीकडे रुंद घेतो. डावीकडे मोकळी दिसणारी ती जागा पाहून सायकल आत घालायचा मोह होतो, आणि काही सेकंदांत दुसऱ्या ट्रॉलीची चाकं तिथंच येतात. बाहेर आलेल्या उसामुळे ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, इंजिनाच्या आवाजात घंटीही ऐकू जात नाही. ट्रक-बसच्या डाव्या अंगालाही हेच, सिग्नलला त्यांच्या बाजूला न थांबता मागंच थांबा. ट्रॅक्टर वळायला लागला की शेवटची ट्रॉली सरळ होईपर्यंत मागंच राहा.