जुन्नर व परिसर : ऐतिहासिक स्थलदर्शन

जुन्नर : पुणे जिल्ह्यातील एक प्राचीन व्यापारी शहर व तालुक्याचे ठिकाण. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९० किमी. वर, कुकडी नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. शिवनेरी, मानमोडी, तुळजा व लेण्याद्री या सभोवतालच्या डोंगरांत चैत्यगृहे, विहार, सुट्या खोल्या आणि पाण्याच्या पोढी (कातळात खोदलेली टाकी) मिळून दोनशेहून अधिक कोरीव कामे आहेत. एकाच शहराभोवती एवढी लेणी भारतात क्वचितच आढळतात. बहुतेक प्रवासी शिवनेरी आणि अष्टविनायकांपैकी लेण्याद्री व ओझर पाहून परततात. जुन्नरचे जुन्नरपण मात्र नाणेघाटाच्या वाटेने घडवले आहे. म्हणून शक्य असल्यास घाटापासून सुरुवात करून शहराकडे यावे. लेणी, किल्ले व पेठा यांची परस्परसंगती त्यामुळे आपोआप उलगडते.

नाणेघाट : शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किमी. वर, घाटघरच्या पुढे सह्याद्रीच्या कड्यात फोडलेली ही वाट कोकणातील वैशाखरे गावाकडे उतरते. सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण यांना जोडणारा हा जवळचा मार्ग होता. घाटमाथ्याच्या तोंडाशी एक चौरस लेणे आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहनांचा प्रदीर्घ लेख कोरलेला आहे. समोरच्या भिंतीवर एकेकाळी राजकुलातील व्यक्तींच्या उठावातील प्रतिमा होत्या. आज त्यांपैकी पावलांच्या खुणा व वरची नावे तेवढी उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी (राणी) नायनिका व श्री सातकर्णी, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी इत्यादी नावे त्यांत वाचता येतात. विल्यम साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे भगवानलाल इंद्रजी व गेओर्ग ब्यूलर यांच्या वाचनांनी त्याच्या अभ्यासाचा पाया घातला गेला.

लेखाचा आरंभ धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून होतो. त्यानंतर अग्न्याधेय, अश्वमेध, राजसूय, गवामयन अशा यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी येते. हजारोंनी गायी, हत्ती, घोडे, गावे व कार्षापण नाणी यांचे आकडे तीत दिले आहेत. संख्यालेखनाच्या इतिहासात हे आकडे मोलाचे मानतात. २, ४, ६, ७, ९ यांची चिन्हे येथे स्पष्ट आहेत. दहा, शंभर व हजार यांना मात्र वेगळी चिन्हे आहेत, म्हणजे स्थानमूल्य पद्धती अद्याप आलेली नाही. राणीचे वर्णन करताना ‘मासोपवासिनी’ (महिना महिना उपवास करणारी) व ‘गृहतापसी’ (घरी राहून तप करणारी) ही विशेषणे वापरली आहेत. डाव्या भिंतीसमोर सकाळच्या तिरप्या उजेडात उभे राहिले, तर ही अक्षरे बऱ्यापैकी दिसतात. भर दुपारी ती दगडात हरवतात.

लेखाचा काळ वादग्रस्त आहे. अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) ब्यूलरने तो अशोकाच्या लेखांनंतर फार दूर नाही असे मानले व इ. स. पू. दुसऱ्या शतकाकडे कल दर्शविला. दिनेशचंद्र सरकार प्रभृतींनी अक्षरांची वळणे अधिक विकसित असल्याचे सांगून तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणला. या वादाच्या मुळाशी सातवाहनांची एकूण कालगणना आहे. काही पुराणांतील तीस राजांची व सुमारे साडेचारशे वर्षांची दीर्घ परंपरा स्वीकारली, तर सिमुक मागे जातो. अन्य पुराणपाठांतील थोड्या राजांची यादी धरली, तर तो पुढे येतो. कलिंगराजा खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात ‘सातकणि’चा उल्लेख आहे, पण तोही दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरला गेला आहे. कारण खारवेलाचा काळ स्वतःच निश्चित नाही. अक्षरांच्या त्रिकोणी होऊ लागलेल्या कडा पाहता इ. स. पू. पहिले शतक हे मत आज अधिक ग्राह्य वाटते, पण त्याला अंतिम म्हणता येत नाही.

यज्ञ कोणी केले, हाही एक प्रश्न आहे. ब्यूलरच्या मते लेख कोरविणारी राणी विधवा असून लहान मुलांच्या वतीने कारभार पाहत होती. इतरांच्या मते यज्ञ सातकर्णीने पत्नीसह केले व लेख मागाहून कोरला गेला. वैदिक यज्ञांत यजमानासोबत पत्नी असणे आवश्यक असल्याने दुसरे मत जास्त जुळते. प्रतिमांची रांग पाहता हे लेणे विश्रामस्थान असण्याबरोबरच राजकुलाचे स्मारक, म्हणजे ‘देवकुल’ही असावे असे दिसते.

घाटाच्या माथ्यावर दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असे सर्वत्र सांगितले जाते. घाटाच्या नावाशी ते शोभतेही, परंतु त्याला कोरीव लेखाचा आधार नाही. परंपरा म्हणूनच त्याची नोंद घ्यावी. लेण्यातील भिंतींवर आधुनिक नावे कोरून अक्षरांची मोठी हानी झाली आहे. दोन हजार वर्षे वारापावसात टिकलेली ओळ एका खिळ्याने कायमची जाते, याचे भान प्रत्येक पाहुण्याने ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. शेजारचा जीवधन किल्ला आणि त्याला लागून असलेला वानरलिंगी सुळका घाटाच्या राखणीची कल्पना देतात. पावसाळ्यात कोकणातून वर येणारा वारा कड्यावरून पडणारे पाणी उलटे उडवतो. ते पाहण्यासाठी श्रावणात येथे बरीच गर्दी होते.

तगरचा प्रश्न : ग्रीक-रोमन प्रवासवृत्तांतांत पैठणबरोबर ‘तगर’ या मोठ्या पेठेचा उल्लेख येतो. लेण्याद्री, मानमोडी व शिवनेरी या तीन डोंगरांवरून ‘त्रिगिरि’ आणि त्यावरून ‘तगर’ अशी व्युत्पत्ती मांडून भगवानलाल इंद्रजींनी तगर म्हणजेच जुन्नर असे सुचविले होते. रा. गो. भांडारकर यांचा कल धारूरकडे होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांतामध्ये तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे आणि जुन्नर तर पैठणच्या पश्चिमेस आहे. फ्लीटने १९०१ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावाचा पुरस्कार केला. तेथील उत्खननांनी त्याला बळकटी दिली असून आता तेच मत सर्वमान्य आहे. मग सातवाहनकाळी जुन्नरचे नाव काय होते, याचा निर्णय होत नाही. ‘जुन्नर’ हे जीर्णनगर किंवा जुने नगर यापासून आले असावे. शहरात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत.

लेणी : बहुतेक कामे इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसरे शतक या दरम्यानची असून ती बौद्ध हीनयान परंपरेची आहेत. मूर्ती जवळजवळ नाहीत. स्तूप, वेदिकापट्टी व चैत्यकमान एवढ्यावरच शिल्पकाराने भागविले आहे. त्यामुळे अजिंठा पाहून आलेल्यांना ती रुक्ष वाटण्याचा संभव असतो. परंतु येथील खरे धन दानलेखांत आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर (क्र. ६) ते कल्याणच्या हेरणिकाचा (सोनार अथवा सराफ) पुत्र सुलसदत्त याचे दान असल्याचे कोरले आहे. अन्यत्र धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने (व्यवसायसंघाने) दिलेले लेणे व पोढी, कासार व बुरूड यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमा असे उल्लेख येतात. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटातील एका लेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाची झाडे लावण्यासाठी वीस निवर्तने (जमीन मोजण्याचे प्राचीन माप) जमिनीचे उत्पन्न नेमून दिल्याची नोंद आहे. दुसऱ्या शतकाच्या आसपास वृक्षारोपणासाठी केलेली ही कायम ठेव होय.

मानमोडीच्याच भीमाशंकर गटात महाक्षत्रप (शक राजांची पदवी) नहपानाचा अमात्य, वत्सगोत्री अयम याने पोढी व मंडप दिल्याचा लेख असून त्यात ‘वसे ४६’ असा वर्षाचा अंक आहे. हा शक संवत् मानल्यास इ. स. १२४ येते. तो नहपानाच्या कारकिर्दीतील वर्ष मानणारेही अभ्यासक आहेत व त्यांच्या मते नहपान पहिल्या शतकात जातो. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची नाणी पुन्हा ठशांकित केली. त्याच्या काळाशी मेळ घालता शक संवताचा पक्ष दीर्घकाळ प्रबळ राहिला. अलीकडे तो पूर्वीइतका निर्विवाद राहिलेला नाही.

जुन्नरच्या लेखांत तीन यवन (ग्रीक) दाते येतात. इरिल याने दोन पोढी, चिट याने संघाला भोजनमंडप आणि चंद याने लेण्याचा दर्शनी भाग दिला. पहिल्या दोघांच्या नावापुढे ‘गतान’ असे पद आहे. स्टेन कोनोव याने त्याचा संबंध युरोपातील गॉथ लोकांशी जोडला होता. हे मत चित्तवेधक असले तरी ते फारसे स्वीकारले गेले नाही. कुल वा प्रदेश दर्शविणारे पद म्हणून त्याकडे पाहणे सुरक्षित. चिटाचा भोजनमंडप शिवनेरीच्या डोंगरात आहे. किल्ला चढणाऱ्यांपैकी फार थोडे लोक त्या बाजूला वळतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

तुळजा लेणीतील चैत्यगृह विशेष उल्लेखनीय आहे. ते पूर्णतः वर्तुळाकार असून स्तूपाभोवती बारा साधे अष्टकोनी खांब व वर घुमटाकार छत आहे. अशी रचना पश्चिम भारतात अत्यंत विरळ असून या परिसरातील आरंभीच्या कामांत त्याची गणना करतात.

लेण्याद्रीवरील सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. मूळचा हा विहार असून त्याच्या सभामंडपात एकही खांब नाही. भोवती भिक्षूंच्या वीस खोल्या आहेत. गणपतीची स्थापना केव्हा झाली, हे निश्चित सांगता येत नाही. वर जाण्यास सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात.

शिवनेरी : शहरालगतचा हा किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. सात दरवाजे, शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, बदामी तलाव, जन्मस्थानाची इमारत व कडेलोटाचे टोक ही पाहण्याची ठिकाणे होत. साखळदंडाची वाट सवय असलेल्यांनीच धरावी. जन्मतिथीबाबत वैशाख शु. २, शके १५४९ (१६२७) आणि फाल्गुन व. ३, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) असे दोन पक्ष होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये पुढे आणलेल्या जेधे शकावलीतील नोंद व परमानंदाच्या ‘शिवभारता’तील उल्लेख यांनी दुसरा पक्ष स्थिर झाला. राज्य शासनाने २००१ मध्ये तो स्वीकारला. महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर छापा घालून तीन लाख होन व दोनशे घोडे मिळविले. जन्मस्थान असलेला हा किल्ला मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या शिरच्छेदाची स्मृती गडावरील कोळी चौथऱ्याशी निगडित आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत शिवनेरी आहे.

मध्ययुगीन शहर : बहमनी काळात रशियन व्यापारी अफनासी निकितिन घोडा विकण्यासाठी चौलहून येथे आला. त्याच्या प्रवासाची वर्षे रूढ समजुतीप्रमाणे १४६९ च्या पुढची मानतात. काही संशोधक ती दोन वर्षांनी पुढे नेतात. चार महिने दिवसरात्र पाणी आणि चिखल, असे त्याने येथील पावसाळ्याचे वर्णन केले आहे. गाव खडकाच्या बेटावर असून एका वेळी एकच माणूस चालेल एवढी अरुंद वाट वर जाते, असेही तो म्हणतो. हे वर्णन उघडच शिवनेरीचे आहे. शहराचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा हिसकावून घेतला व धर्मांतर केल्यास तो परत करण्याची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने निकितिनची सुटका झाली.

मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही येथूनच उभारली. राजधानी पुढे त्याने वसवलेल्या अहमदनगरास गेली. मलिक अंबरच्या काळात ती काही वर्षे पुन्हा जुन्नरास होती. हापूसबागेजवळचा सौदागर घुमट या काळाची साक्ष देतो. येथील हातकागद ‘जुन्नरी’ या नावाने दप्तरांत चाले. १६७० च्या दशकात मोगल अधिकाऱ्याच्या घरी उपचार करण्यासाठी आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने परतताना नाणेघाट उतरल्याचे लिहून ठेवले आहे.

परिसर : चावंड, हडसर व निमगिरी हे किल्ले घाटवाटांच्या आधारे उभे आहेत. पूर येथील कुकडेश्वराचे प्राचीन मंदिर कुकडीच्या उगमाजवळ आहे. ओझरचा विघ्नेश्वर कुकडीकाठीच, धरणाच्या जलाशयालगत आहे. ओतूर येथे तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी व कपर्दिकेश्वराचे देऊळ, तर आळे येथे ज्ञानेश्वरांनी वेद वदविलेल्या रेड्याची समाधी मानली जाते. नारायणगाव ही तमाशाच्या फडांची पेठ आहे. खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या तीस अँटेना असलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे केंद्र आहे. तालुक्यात बिबट्यांचा वावर मोठा असून माणिकडोह येथे त्यांचे निवारा केंद्र आहे. कुकडीच्याच काठी बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांबरोबर ज्वालामुखीची राख सापडते. तिचे वय सुमारे १४ लाख, ६.७ लाख आणि ७५ हजार वर्षे असे निरनिराळ्या पद्धतींनी काढले गेले आहे. शेवटचा आकडा सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जोडतात.

राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली. पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावहून शहर सुमारे १५ किमी. आहे. शिवजयंतीच्या दिवशी शिवनेरीवर आणि संकष्टीला लेण्याद्रीवर मोठी गर्दी असते. लेणी व लेख शांतपणे पाहावयाचे असल्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारीतील इतर दिवस निवडावेत.