मसलमधला उंदीर आणि दंडावरची बेडकी

माझ्या चौथीतल्या भाच्याला सध्या दिवसातून दहा वेळा बाही वर करून "मामा, बेटकुळी बघ" करायचं वेड लागलंय. परवा मी त्याच्या दंडावर बोट ठेवूनच बघितलं, मूठ आवळून हात दुमडला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं आणि हात सरळ केला की गुडुप. बेटकुळी, काही जण बेडकुळी म्हणतात, म्हणजे छोटी बेडकीच की!

रोमन लोकांना मात्र तिथेच उंदीर दिसला. लॅटिनमध्ये मुस म्हणजे उंदीर, मुस्कुलुस म्हणजे इवलासा उंदीर, आणि तोच फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला तो मसल, जो आपण जिममध्ये रोज बोलतो. ग्रीकांचंही तेच, उंदीर आणि स्नायू दोघांना एकच शब्द, त्यावरून डॉक्टरांचं मायो. म्हणजे हार्ट अटॅकच्या रिपोर्टवर मायोकार्डियल लिहिलेलं असतं ना, त्यातही उंदीरच बसलाय. आणि हा मुस आपल्याला परका नाहीये बरं का, संस्कृत मूष, गणपतीचा मूषक, इंग्रजी माऊस, सगळे एकाच मुळातले. घरातल्या छोट्या उंदराचं शास्त्रीय नाव तर मुस मुस्कुलुस!

आता आत खरंच काय हलतं? स्नायूत मायोसिन आणि अ‍ॅक्टिन अशा दोन प्रोटीन्सचे बारीक तंतू एकाआड एक रचलेले असतात, मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून ओढतं, सोडतं, परत पुढे धरून ओढतं, रस्सीखेचीत आपण हात पुढे पुढे टाकतो तसं. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. हे 1954 साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी मांडलं, दोन्हींत एकेक हक्सले, अँड्र्यू आणि ह्यू, पण नात्यातले नाहीत, मला हा योगायोग फार आवडतो. स्नायूचं एकूण आकारमान जवळपास तेवढंच राहतं, त्यामुळे लांबी कमी झाली की तो जाड होतो, तीच आपली बेडकी.

आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. त्यामुळे बेडकी आपली आपण परत लांब होत नाही. हात जोर लावून सरळ करताना दंडाच्या मागच्या बाजूला बोट ठेवून बघा, तिथे ट्रायसेप्स नावाचा स्नायू टणक होतो, तोच कोपर सरळ करतो आणि पुढची बेडकी ताणली जाते.